क्रोमियम पचत नाही

१६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला आणि माणसाने घडवलेल्या जीवाणूचे पेटंट घेता येते, हे कायद्याने मान्य झाले. खनिज तेलातले घटक खाणारा तो स्यूडोमोनास घडवला होता कोलकाता विद्यापीठात पीएच.डी. केलेल्या आनंदमोहन चक्रवर्ती यांनी. खुल्या समुद्रात तो कधी सोडला गेला नाही, पण त्याच्यामुळे एक आशा मात्र जोर धरून राहिली. घाण कसलीही असो, तिला खाणारा जंतू शोधला की झाले!

तेलाच्या बाबतीत हे खरेच आहे. तेल म्हणजे कार्बनच्या साखळ्या. त्या तुटल्या की शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. धातूचे तसे नसते. क्रोमियमचा अणू जीवाणूच्या शरीरातून आरपार गेला तरी क्रोमियमच राहतो. बदलते ते त्याचे रूप आणि राहण्याची जागा. हा फरक चक्रवर्तींच्याच कोलकात्याला पुढच्या चार दशकांत चांगलाच उमगला.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारच्या सेवेतले अभियंता ध्रुवज्योती घोष शहराचा मैला जातो कुठे, हे शोधायला निघाले. कालव्याच्या कडेकडेने पूर्वेला गेल्यावर त्यांना भेडी दिसल्या. म्हणजे सांडपाण्यावर मासे वाढवणारे उथळ, विस्तीर्ण तलाव. तिथे ऊन, शेवाळ आणि जीवाणू मिळून मैला कुजवतात, त्यातून माशांचे खाद्य तयार होते आणि निथळलेले पाणी पुढे शेतीला जाते. मच्छीमार काठाला जलपर्णी राखतात. लाटांनी बांध ढासळू नये हा त्यांचा पहिला हेतू, पण तिची मुळे पाण्यातले काही धातूही ओढून घेतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या व्यवस्थेचा नकाशा घोष यांनी काढला, ती वाचवण्यासाठी ते आयुष्यभर झगडले आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये या १२,५०० हेक्टरांना रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

मात्र त्याच कालव्यांत टँगरा, तिलजला, तोपसिया आणि पागलाडांगा इथल्या टॅनऱ्यांचे पाणीही सुटत होते. कातडे क्रोमियम सल्फेटच्या द्रावणात, मोठ्या लाकडी ड्रममध्ये तासन्‌तास फिरवले की फिकट निळे होऊन बाहेर येते. धंद्यात त्याला ‘वेट ब्लू’ म्हणतात. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावायला बरेच दिवस जातात, इथे ते काम दिवसाभरात आटोपते. पण सगळे क्रोमियम कातड्यात मुरत नाही. जुन्या पद्धतीत जवळपास तिसरा हिस्सा गटारात जातो.

वकील एम. सी. मेहता यांच्या गंगा प्रदूषणाच्या याचिकेत हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पाहणीचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे गेले. १९ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. सुमारे ५५० टॅनऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९७ पर्यंत स्थलांतर करावे, नाहीतर बंद व्हावे आणि प्रत्येकीने दहा हजार रुपये प्रदूषणदंड भरावा. प्रत्यक्षात त्यांना जिथे हलायचे होते ते बानतल्याचे चर्मसंकुल सुरू व्हायला २००५ साल उजाडले. कारखाने हलले, पण कालव्यांच्या तळाशी अनेक दशके साचलेला गाळ जिथल्या तिथेच राहिला.

याच सुमाराला शहरातल्या प्रयोगशाळांत जीवाणूंचा शोध सुरू होता. कोलकाता विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात अमलकांती पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमानच्या सर्पेंटाइन मातीतून क्रोमियमला दाद न देणारे जीवाणू वेगळे केले. ही माती मुळातच क्रोमियम-निकेलने भरलेली, त्यामुळे तिथल्या जंतूंना विषाची सवय आधीपासूनची. क्रोमेट हा सल्फेटसारखा दिसतो आणि त्याच वाटेने पेशीत शिरतो. आत गेल्यावर जीवाणूची विकरे घातक, पाण्यात सहज विरघळणाऱ्या सहा-संयुजी क्रोमियमचे क्षपण करून तीन-संयुजी रूप करतात, जे फारसे विरघळत नाही आणि बरेच कमी विषारी असते. परीक्षानळीत हे डोळ्यांना दिसते. डायफिनाइलकार्बाझाइड टाकले की विषारी क्रोमियम असलेला नमुना जांभळा होतो आणि जीवाणूंना जितका अधिक वेळ द्यावा तितका तो रंग फिका पडत जातो.

तिथेच गोम आहे. टॅनरीतून बाहेर पडणारे क्रोमियम बहुतांशी आधीच तीन-संयुजी असते, त्यामुळे जीवाणूंना बदलायला तिथे फारसे काही नसते. उलट क्रोमयुक्त कातड्याचे कपटे जाळले किंवा मातीतल्या मँगनीज ऑक्साइडशी गाठ पडली, की त्यातले काही पुन्हा सहा-संयुजी होऊ शकते. म्हणजे जीवाणूने जे मिटवले ते उघड्यावरचा कपट्यांचा आणि गाळाचा ढिगारा पुन्हा उकरून काढणार.

आर्सेनिकने दुसरी बाजू दाखवली. त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांना १९८३ च्या सुमारास बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांमध्ये आर्सेनिकची विषबाधा आढळली. पुढे जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांनी कूपनलिकांचे पाणी जिल्ह्याजिल्ह्यांत तपासले. आर्सेनिक पाण्यात येते कसे, यावर २००४ मध्ये ‘नेचर’मधल्या एका शोधनिबंधाने बोट ठेवले. गाळातले आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडला चिकटून असते आणि ऑक्सिजन नसलेल्या थरातले जीवाणू श्वसनासाठी तेच लोह वापरतात. लोह विरघळते आणि आर्सेनिक मोकळे होते. क्रोमियमला जखडणारी क्षपणाची क्रिया इथे विष सोडवून देते. म्हणून जीवाणूला सरसकट ‘सफाई कामगार’ म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

जिथे हा मार्ग यशस्वी झाला तिथले गणित वेगळे होते. नेदरलँड्समधल्या बुडेल इथल्या जस्ताच्या कारखान्याने १९९२ पासून दूषित भूजल सल्फेट क्षपण करणाऱ्या जीवाणूंच्या टाकीतून फिरवले. जस्त सल्फाइड होऊन तळाशी बसे आणि तो साका थेट कारखान्याच्या भट्टीत परत जाई. जीवाणूंनी धातू गोळा केला, तर तो घ्यायला माणूस हजर होता.

बानतल्यासाठी हाच धडा आहे. सामाईक शुद्धीकरण केंद्रातले जीवाणू प्रथिने आणि चरबी फस्त करतात, क्रोमियम मात्र गाळात बसते आणि तो गाळ कायद्याने घातक कचरा ठरतो. त्यामुळे खरे काम ड्रमपाशीच करायला हवे. वापरलेले क्रोम-पाणी इतर पाण्यात मिसळू न देता मॅग्नेशियम ऑक्साइडने त्यातले क्रोमियम खाली बसवायचे, गंधकाम्लात विरघळवायचे आणि पुन्हा कातड्यालाच लावायचे. हे तंत्र जुने आणि माहितीतले आहे. एवढे करून जे थोडे निसटेल, ते अडवायला जीवाणू उपयोगी पडतील. पहिली फळी म्हणून त्यांना उभे केले, तर कोलकात्याचा धातू पाण्यातून गाळात आणि गाळातून पुन्हा पाण्यात, असा येरझाऱ्या घालत राहील.