दोन शेजारी आणि एक स्पर्धा

सामाईक विहीर तुम्हां सर्वांना माहीत आहे. भाऊ वेगळे झाले, शेताची वाटणी झाली, घरात भिंत उभी राहिली. पण विहीर मधोमध चिरता येत नाही. ती सामाईकच राहते. मग पाण्याच्या पाळ्या लावाव्या लागतात. आज तुझी पाळी, उद्या माझी. गाळ काढायचा तर खर्च निम्मा-निम्मा. भाऊ एकमेकांशी बोलत नसले तरी पाळी मोडून चालत नाही. पाळी मोडली तर दोघांचंही पीक वाळतं.

देशादेशांतही कधी कधी असेच होते. अशाच दोन शेजारी देशांची हकीकत आम्ही या पाठात सांगणार आहोत. एक देश जपान, दुसरा दक्षिण कोरिया. त्यांच्या सामाईक विहिरीच्या जागी होती फुटबॉलची एक मोठी स्पर्धा.

यजमान कोण?

फुटबॉलचा खेळ तुम्ही पाहिला असेल. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी असतात. चेंडू पायाने मारीत न्यायचा आणि समोरच्याच्या जाळ्यात घालायचा. खेळ साधा आहे. त्याला एक चेंडू आणि एक मोकळे मैदान पुरते. म्हणून तो जगभर पसरला.

या खेळाचा कारभार पाहणारी एक जागतिक संस्था आहे. तिला फिफा म्हणतात. ती १९०४ साली पॅरिस शहरात स्थापन झाली. दर चार वर्षांनी ही संस्था सर्व जगाची स्पर्धा भरवते. तिला विश्वचषक म्हणतात. पहिली स्पर्धा १९३० साली उरुग्वे या देशात झाली. तेव्हा तेरा संघ आले होते. पुढे संघ वाढत गेले. २००२ साली ते बत्तीस झाले होते.

आता ही स्पर्धा कोठे भरवायची? ज्याच्या घरी कार्य, तो यजमान. यजमान होण्याची इच्छा असणारे देश फिफाकडे लेखी मागणी करतात. आमच्याकडे इतकी मैदाने आहेत, इतक्या आगगाड्या आहेत, पाहुण्यांना उतरायला इतक्या खोल्या आहेत, असे सगळे त्यात मांडावे लागते. मग फिफा निर्णय देते.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? जगभरचे लोक खेळ पाहायला येतात. ते राहतात, खातात, वस्तू विकत घेतात. देशाचे नाव होते. रस्ते सुधारतात. पण खर्चही मोठा असतो. तो खर्च शेवटी त्या देशाच्या लोकांच्याच खिशातून जातो.

जुने वैर

जपान आणि कोरिया यांच्यामध्ये समुद्राची एक पट्टी आहे. कोरियाचे बुसान बंदर आणि जपानचे फुकुओका शहर यांत सुमारे २०० किलोमीटरचे अंतर आहे. पण मनांतले अंतर फार मोठे होते.

१९१० साली जपानने कोरिया आपल्या राज्याला जोडून घेतला. पुढे पस्तीस वर्षे तेथे जपानचे राज्य होते. शेवटी शेवटी तर शाळांतून कोरियन भाषा काढून टाकली. लोकांना जपानी नावे घ्यायला लावली. परकी सत्ता म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

एका धावपटूची गोष्ट ऐका. त्याचे नाव सोन की-चुंग. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये लांब पल्ल्याच्या मॅरेथॉन शर्यतीत तो पहिला आला. गडी कोरियाचा, पण त्याच्या छातीवर निशाण जपानचे आणि कागदोपत्री नावही जपानी. बक्षीस घेताना तो मान खाली घालून उभा राहिला. हातात दिलेल्या रोपट्याने त्याने छातीवरचे निशाण झाकून घेतले. पहिला आला, तरी त्याला आनंद झाला नाही.

१९४५ साली जपान महायुद्धात हरला आणि कोरिया सुटला. पण त्याचे दोन तुकडे झाले, उत्तर आणि दक्षिण. दक्षिण कोरियाच्या लोकांच्या मनांत जपानविषयी राग राहिलाच. १९५४ साली विश्वचषकात जागा मिळवण्यासाठी या दोन देशांचे दोन सामने व्हायचे होते. रीतीप्रमाणे एक इथे, एक तिथे. पण कोरियाच्या अध्यक्षांनी सांगितले, जपानी संघाला आमच्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही. शेवटी दोन्ही सामने जपानमध्येच, टोकियोला झाले. त्यांतून कोरिया पुढे गेला. दोन देशांचे राजकीय संबंध जुळायला १९६५ साल उजाडले.

दोघांचीही मागणी

२००२ सालापूर्वी विश्वचषकाच्या सोळा स्पर्धा झाल्या. त्या सगळ्या युरोपात नाहीतर अमेरिकेच्या दोन खंडांत झाल्या. आशियात एकही नाही. म्हणून २००२ ची स्पर्धा आशियात भरवावी असा विचार पुढे आला. जपानने मागणी केली. मागून कोरियानेही केली.

जपान म्हणे, आमची तयारी तुमच्या आधीपासूनची आहे. कोरिया म्हणे, आम्ही विश्वचषकात चार वेळा खेळलो, तुम्ही अजून एकदाही नाही. दोन्ही देशांनी पाण्यासारखा पैसा ओतला. जगभर माणसे पाठवली. एकाला यजमानपद मिळाले असते, तर दुसऱ्याचा मोठा अपमान झाला असता.

१९९६ सालच्या १ जूनला मतदान व्हायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी, ३१ मे रोजी, झुरिच शहरात फिफाच्या मंडळींनी तोडगा काढला. दोघांनी मिळून स्पर्धा भरवावी. असे पूर्वी कधीच झाले नव्हते. जपानला हा तोडगा जड गेला. पण नाही म्हणावे तर सगळेच हातचे जायचे. दोघांनीही मान डोलावली.

वाटणी कशी केली?

हाच भाग आम्हांला महत्त्वाचा वाटतो. गळ्यात गळा घालून काम होणार नव्हते. मग त्यांनी वाटणी केली. ती कशी, ते पाहा.

सामने चौसष्ट होते. बत्तीस कोरियात, बत्तीस जपानात. मैदाने वीस. दहा इकडे, दहा तिकडे. व्यवस्था पाहणाऱ्या समित्या दोन, प्रत्येकाची आपापली. आठ गटांपैकी चार गट कोरियात खेळले, चार जपानात. उपांत्य सामने दोन. एक कोरियात सेऊलला, एक जपानात साइतामाला.

पण काही गोष्टींचे दोन भाग होत नाहीत. स्पर्धेचे नाव एकच. त्यात आधी कोणाचे नाव लिहायचे? शेवटचा सामना एकच. तो कोठे खेळवायचा? जत्रेत पहिला नारळ कोणाचा, यावरून गावोगाव भांडणे होतात. तसाच हा मानाचा प्रश्न होता. तोड अशी निघाली की अधिकृत नावात कोरिया आधी लिहावा आणि शेवटचा सामना जपानात व्हावा. उद्घाटन कोरियात. एकाला एक मान, दुसऱ्याला दुसरा.

तरी कुरबुरी थांबल्या नाहीत. नावाच्या क्रमावरून पुढेही शब्दाला शब्द लागला. २००१ साली जपानमधल्या शाळेच्या एका इतिहासाच्या पुस्तकावरून कोरियात संताप उसळला. जपानने जुने अत्याचार सौम्य करून लिहिले, असे कोरियाचे म्हणणे होते. पण मैदानांचे काम कोणी बंद पाडले नाही. भांडण एका जागी ठेवले, काम दुसऱ्या जागी.

स्पर्धेचा महिना

२००२ सालच्या ३१ मे रोजी सेऊलमध्ये स्पर्धा सुरू झाली. तोडगा निघाला त्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली होती. पहिल्याच सामन्यात सेनेगल या आफ्रिकेतल्या देशाने मागल्या खेपेच्या विजेत्या फ्रान्सला एक गोलने हरवले. उद्घाटनाला जपानचे पंतप्रधान सेऊलला हजर होते. ३० जूनला शेवटचा सामना योकोहामाला झाला. त्याला कोरियाचे अध्यक्ष जपानला गेले. त्या सामन्यात ब्राझीलने जर्मनीवर दोन गोलने मात केली. ब्राझीलचा हा पाचवा विश्वचषक.

कोरियाचा संघ सगळ्यांना चकित करून चौथा आला. तांबडे सदरे घालून लाखो लोक सेऊलच्या रस्त्यांवर जमत. जपानचा संघ आधीच बाद झाला होता. तेव्हा टोकियोत कोरियन लोकांची वस्ती आहे तेथे जाऊन काही जपानी तरुणांनी कोरियाच्या नावाने आरोळ्या दिल्या. १९५४ साली असे कोणाच्या मनातही आले नसते.

म्हणजे वैर संपलं का? नाही. समुद्रातल्या एका लहानशा बेटावरून दोघांचे भांडण अजून चालू आहे. एका महिन्याच्या खेळाने पस्तीस वर्षांचे दुःख पुसले जात नाही. पण राग मनात असतानाही दोघांनी हातचे काम पुरे केले, हे सर्व जगाने पाहिले.

कार्य झाल्यावर

पाहुणे गेले की मांडवाचे बिल येते. तसेच येथे झाले. कोरियाने दहाही मैदाने नवी बांधली होती. सेऊलच्या मैदानाच्या बैठकींखाली पुढे दुकाने आणि सिनेमागृह उघडले. त्या भाड्यावर मैदानाला उत्पन्न मिळाले. पण सगळीकडे असे जमले नाही. दोन्ही देशांत काही गावांना एवढे मोठे मैदान कशाला वापरावे, ते कळेना. गवत कापायला, रंग द्यायला, दिवे सांभाळायला दरसाल पैसा लागतो. उत्पन्न थोडे आणि खर्च मोठा. दोघांनी मिळून स्पर्धा भरवली म्हणजे खर्च निम्मा होतो, असे वाटते. पण दोघांनीही दहा-दहा मैदाने सज्ज केली, तर निम्मा कसा होणार?

यानंतर फिफाने काही काळ अशा जोडमागण्या नाकारल्या. २०१० च्या स्पर्धेसाठी आफ्रिकेतल्या लिबिया आणि ट्युनिशिया या शेजाऱ्यांना एकत्र मागणी करायची होती. त्यांना परवानगी मिळाली नाही. पुढे नियम सैल झाला. २०१८ च्या स्पर्धेसाठी स्पेन-पोर्तुगाल आणि बेल्जियम-नेदरलँड्स अशा दोन जोड्यांनी मागणी केली. दोन्ही जोड्या हरल्या आणि मान रशियाला मिळाला.

मग स्पर्धा आणखी मोठी करण्याचे ठरले. २०२६ सालासाठी संघ अठ्ठेचाळीस आणि सामने एकशे चार ठरले. एवढा पसारा एकट्याने झेपणारे देश थोडेच. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन शेजाऱ्यांनी एकत्र मागणी केली. २०१८ साली मॉस्कोत मतदान झाले. त्यांना १३४ मते पडली आणि समोरच्या मोरोक्कोला ६५. येथे वाटणी सारखी केली नाही. अमेरिकेला ७८ सामने, बाकी दोघांना तेरा-तेरा. ज्याची मैदाने जास्त, त्याचा वाटा जास्त. पण उद्घाटनाच्या सामन्याचा मान मेक्सिकोला दिला.

आणि मोरोक्को? त्याने एकट्याने पाच वेळा मागणी केली होती. पाचही वेळा तो हरला. शेवटी त्याने समुद्रापलीकडच्या स्पेन आणि पोर्तुगालशी हातमिळवणी केली. आफ्रिका आणि युरोप यांच्यामध्ये तेथे समुद्र इतका अरुंद आहे की एके ठिकाणी तो अवघा १४ किलोमीटर रुंद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये २०३० ची स्पर्धा या तिघांना मिळाली. त्या वेळी त्यांच्यासमोर दुसरा मागणीदारच उरला नव्हता. त्या स्पर्धेला शंभर वर्षे पुरी होतात, म्हणून पहिल्या स्पर्धेची आठवण ठेवून उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वे यांनाही एकेक सामना दिला आहे.

आपल्याकडेही असे घडले आहे. १९८७ साली भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून क्रिकेटचा विश्वचषक भरवला. त्याआधी या दोघांत तीन युद्धे झाली होती. एक उपांत्य सामना लाहोरला झाला, दुसरा आपल्या मुंबईत वानखेडे मैदानावर. शेवटचा सामना कलकत्त्याला झाला. तोवर या स्पर्धेचे यजमानपद इंग्लंडबाहेर कधी गेले नव्हते.

आपण यातून काय घ्यावे?

शेजाऱ्याशी मिळून काम करायचे तर आधी मने जुळली पाहिजेत, असे लोक म्हणतात. मने जुळली तर उत्तमच. पण त्याची वाट पाहत बसलो तर विहिरीतला गाळ तसाच राहतो. जपान आणि कोरियाची मने जुळली नव्हती. वाटणी मात्र चोख ठरली होती. काम कोणी किती करायचे, मान कोणाला कोणता, खर्च कोणाचा, हे सगळे आधी ठरवून कागदावर घेतले होते. एक गोष्ट तेवढी त्यांनी पुरती पाहिली नाही. कार्य झाल्यावर मागे राहील ते कोण सांभाळणार? ती चूक त्यांना महाग पडली.

तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकला आहात. दोन गावांचा रस्ता असो, दोन वाड्यांची पाण्याची टाकी असो, की चार भावांची विहीर असो. पुढच्या वेळी बैठक बसेल तेव्हा कागद-पेन्सिल तुम्ही हातात घ्या. ठरेल ते लिहा, सर्वांना वाचून दाखवा आणि सर्वांच्या सह्या घ्या.

वर्गात बोलण्यासाठी: आपल्या गावाचे शेजारच्या गावाशी कोणते काम सामाईक आहे? त्याची वाटणी कोठे लिहिलेली आहे का? आणि ते काम पुरे झाल्यावर त्याची देखभाल कोणी करायची, हे ठरले आहे का?