फुग्यात शब्द भरणारा

जानेवारी 1955, न्यूयॉर्क. आपला माणूस कॉमिक्समधली अक्षरं लिहितो. नाव विचारू नका, मासिकवालेही छापत नाहीत. त्या काळी असे बरेच होते, त्यांतलाच हा एक.

सकाळी 8.30. भुयारी रेल्वेचं टोकन 15 सेंट. दीड वर्षापूर्वी 10 सेंटांत भागायचं. कॉमिक मात्र 1938 मध्ये 10 सेंटांना होतं, आजही 10 सेंटांनाच मिळतं. तेव्हा पानं 64 असत, आता निम्म्यावर आलीत. भाव तोच, माल कमी.

9.00. टेबलावर पानांची थप्पी. कागद जाड, उंची-रुंदी छापील पानाच्या जवळपास दुप्पट. चित्रं अजून पेन्सिलीतच आहेत. आधी रेघा मारायच्या. टी-स्क्वेअरवर एम्स गाइड ठेवायचं. ही प्लॅस्टिकची एवढीशी पट्टी, मध्ये फिरती चकती, चकतीला भोकं. भोकात पेन्सिलीचं टोक घालून पट्टी सरकवली की रेघ तयार. चकती फिरवली की ओळींमधलं अंतर बदलतं. मग टाक दौतीत. अक्षरं सगळी कॅपिटल. कुणी ओरडत असेल तर जाड निब. मजकूर आधी, फुगा नंतर. फुगा आधी काढला तर शेवटचा शब्द हमखास बाहेर लोंबतो. शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळवली की फुगा झाला.

11.00. हातातल्या गोष्टीतला खलनायक भलताच बडबड्या निघालाय. चौकटीचा वरचा अर्धा भाग त्याच्या धमक्यांनीच भरला. मजुरी पानावर, एक-दोन डॉलर. पानात वीस शब्द असोत की दोनशे, दर तोच. मुके हाणामारीवाले नायक त्याला आवडतात, ते उगीच नाही.

'ईसी' या कॉमिक्स कंपनीत बहुतेक अक्षरं लेरॉय नावाच्या साच्यावरून काढतात. सगळी एकसारखी. वाचायला स्वच्छ, पण मला तरी ती सरकारी नकाशावरची वाटतात.

1.00. सँडविच, कॉफी. बोटांची शाई जात नाही, तशीच खायची.

1.30. दुरुस्त्या. गेल्या वर्षी सिनेटच्या उपसमितीनं कॉमिक्सवाल्यांची सुनावणी घेतली, आणि ऑक्टोबरात प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता करून टाकली. छापण्याआधी पानं तपासनिसांकडे जातात. व्हँपायर नको, मढी खाणारं पिशाच्च नको, नावात 'हॉरर' आणि 'टेरर' तर मुळीच नको. परत आलेल्या पानावर खुणा आहेत. तो पांढरा रंग पातळ करतो, शब्दावर फिरवतो, वाळू देतो. शब्द गेला, फुगा तेवढाच राहिला. आता नवा शब्द जुन्या जागेत बसला पाहिजे. लांब पडला तर अक्षरं चेपायची, आखूड पडला तर पसरायची. वाचणाऱ्या पोराला जोड दिसता कामा नये.

4.00. आजच्या पानांचा गठ्ठा शाई चढवणाऱ्याकडे. पुढे रंगांच्या प्लेटा कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला होतात. तिथे बायका रंगांचे आकडे बघून पानाचा एकेक भाग भरत जातात. त्यांचीही नावं कुठे येत नाहीत.

5.30. चेक मिळाला. मागे शिक्का : सही केली की कामाचे सगळे हक्क प्रकाशकाचे. सही केल्याशिवाय चेक वटत नाही. तो सही करतो.

मूळ पानंही प्रकाशकाकडेच राहिली. बरीचशी पुढे फेकली गेली. बडे प्रकाशक ती परत द्यायला लागले ते 1970 च्या दशकात, आणि तीही मुख्यतः चित्रकारांना.