अर्धवेळ पदवीचे पूर्ण तास

समुपदेशन आणि सायकोथेरपीची पदवी ब्रिटनमध्ये अनेक जण नोकरी आणि संसार सांभाळून करतात. बऱ्याच जणांचं हे दुसरं करिअर असतं. तिथं स्थायिक झालेल्या मराठी माणसालाही ही वाट खुणावते. मात्र या अभ्यासक्रमाबद्दलच्या काही समजुती इतक्या पक्क्या असतात, की फी भरून झाल्यावरच त्या मोडतात.

पहिली समजूत: आठवड्यातून एक दिवस कॉलेज, म्हणजे कोर्स हलकाच असणार.
इंग्लंडमधली ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची असते आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचं काम धरतात. हिशेब ३,६०० तासांवर जातो. अर्धवेळ विद्यार्थ्याला यात सवलत नाही. तेच तास जास्त वर्षांत वाटले जातात, इतकंच. वर्गातला तो एक दिवस या सगळ्याचा छोटासा तुकडा असतो.

दुसरी समजूत: निबंध पास झाले की पदवी हातात.
विद्यार्थी अडकतात ते बहुधा इथंच. ब्रिटिश असोसिएशन फॉर काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी, म्हणजे बीएसीपी, या संस्थेच्या निकषानुसार प्रशिक्षणात खऱ्या क्लायंटबरोबर सुपरव्हिजनखाली किमान १०० तास काम व्हावं लागतं. वर्गात तिघांच्या गटात एकाने समुपदेशक, दुसऱ्याने क्लायंट, तिसऱ्याने निरीक्षक व्हायचं, हा सराव यात मोजत नाहीत. क्लायंट आलाच नाही, तर तुम्ही खोलीत तासभर वाट पाहिलीत तरी तो तासही धरत नाहीत. आठवड्याला दोन क्लायंट मिळाले आणि दोघंही न चुकता आले, तरी पन्नास आठवडे लागतात. आणि सगळे न चुकता येतात असं कधी होत नाही. मधे नाताळ येतो, ऑगस्टच्या सुट्ट्या येतात.

शिवाय हे काम लगेच मिळत नाही. आधी शिक्षकांनी तुम्हाला क्लायंटसमोर बसण्यायोग्य ठरवायला हवं, मग पोलीस नोंदींची पडताळणी, मग एखाद्या सेवाभावी संस्थेत किंवा कॉलेजात जागा. बहुतेक ठिकाणी मानधन नसतं. तास अपुरे राहिले, तर काही विद्यापीठं वेगळ्या नावाची पदवी देऊन मोकळं करतात. त्या पदवीत अभ्यास असतो, पण क्लायंटबरोबर काम करण्याची पात्रता नसते. प्रवेशाच्या वेळी हा नियम विचारणारे फार थोडे.

सुपरव्हिजन म्हणजे वरिष्ठाने हजेरी घेणं, असाही एक समज आहे. खरं तर अनुभवी थेरपिस्टबरोबर बसून, क्लायंटची ओळख झाकून, आपण काय ऐकलं, काय निसटलं, कुठं घाई केली, हे उलगडायचं असतं. पात्रता मिळाल्यावरही ते थांबत नाही. बीएसीपीच्या अ‍ॅक्रेडिटेड सभासदांना महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं. अनेक कोर्समध्ये सत्राचं ध्वनिमुद्रण करून त्यावर चर्चाही होते. ही पद्धत जुनी आहे. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली समुपदेशन आणि सायकोथेरपी याच नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात एका क्लायंटबरोबरच्या मुलाखती ध्वनिमुद्रणावरून पूर्णच्या पूर्ण छापल्या होत्या.

‘लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात, मला हे जमणारच,’ असं म्हणणाऱ्यांना पहिलं वर्ष जड जातं, हे माझं मत. आपल्याकडे मन मोकळं करणाऱ्याला सल्ला द्यायचाच, अशी रीत. आणि इथं नेमका तोच गिळायला शिकवतात.

स्वतः थेरपी घेण्याच्या अटीबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. बीएसीपी ती सर्वांवर लादत नाही. पण अनेक कोर्स आपल्या पातळीवर ठरावीक तासांची सक्ती करतात, आणि यूकेसीपी या दुसऱ्या संस्थेच्या सायकोथेरपिस्ट प्रशिक्षणात ती असतेच. खर्च बहुधा विद्यार्थ्याच्याच खिशातून जातो आणि तो फीच्या आकड्यात दिसत नाही.

आता परवान्याचं. ब्रिटनमध्ये ‘काउन्सेलर’ किंवा ‘सायकोथेरपिस्ट’ या बिरुदांना कायद्याचं संरक्षण नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ आणि ‘काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट’ यांना आहे. म्हणजे पदवीशिवायही कुणी पाटी लावू शकतो, हे खरं. पण नोकरी देणारी संस्था मान्यताप्राप्त रजिस्टरवर नाव आहे का, ते पाहते. कोर्स बीएसीपीने अ‍ॅक्रेडिट केलेला नसेल, तर बीएसीपीच्या रजिस्टरवर येण्यासाठी पदवीनंतर प्रावीण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते.

हीच पदवी घेऊन पुण्यात येऊन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येईल, हा समज तर महागात पडणारा. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या व्याख्येत भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता लागते. मानसशास्त्रातल्या एमएनंतर एम.फिल.चा मार्ग धरला, तर तो दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम हवा, असं कायदाच म्हणतो. अर्धवेळचा पर्याय तिथं नाही. दूरस्थ शिक्षणाची वाटही अरुंद झाली आहे: २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राच्या पदव्यांसाठी नवे प्रवेश देणं बंद केलं आहे.