दाब उतरवायचा, पण किती?

मेंदूत पाणी झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांना वाटतं, ते काढलं की झालं. पाणी काढणं तुलनेनं सोपं आहे. पोकळीत नळी गेली की ते आपणहून बाहेर येतं. अवघड आहे ते दाब बेताचा ठेवणं. तो जास्त राहिला तर मेंदू चेपतो, फार उतरला तर मेंदूच कवटीपासून सुटून खाली बसतो. असं पाणी साठणं म्हणजे जलशीर्ष. ते नळीने पोटात वळवणाऱ्या शंट शस्त्रक्रियेतली सगळी कारागिरी या दोन टोकांच्या मध्ये आहे.

हे पाणी मुळात रोगाचं नव्हे. प्रौढ माणसाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूभोवती साधारण १५० मिलिलिटर स्वच्छ द्रव असतो. मेंदूच्या पोकळ्यांमध्ये तो दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास तयार होतो, चार पोकळ्यांतून वाट काढत मेंदूच्या पृष्ठभागावर येतो आणि तिथून रक्तात शोषला जातो. जन्मजात अरुंद मार्ग, गाठ, रक्तस्राव किंवा आपल्याकडे वारंवार दिसणारा क्षयाचा मेंदूज्वर, यांपैकी कशानेही ही वाट अडू शकते. वाट अडली तरी द्रव तयार होणं काही थांबत नाही.

मोठ्या माणसाची कवटी ताणत नाही. तिच्यात मेंदू, रक्त आणि द्रव अशी तिघांची वस्ती. एकाने पाय पसरले की दुसऱ्यांना सरकावं लागतं. स्कॉटलंडचे अलेक्झांडर मन्रो (१७८३) आणि जॉर्ज केली (१८२४) यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. आडवं पडलेल्या निरोगी प्रौढात आतला दाब पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. सरकायला जागा आहे तोवर तो फारसा हलत नाही. जागा संपली की चमचाभर भरीनेही झपाट्याने चढतो. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून त्याचं डोकंच मोठं होत जातं आणि टाळू फुगते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर दाबाचा हा चढ पहिल्यांदा सांभाळतो तो भूलतज्ज्ञ. श्वास कमी पडून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला तर मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब वाढतो. रुग्ण खोकला तरी वाढतो. शंटसाठी मान वळवावी लागते. ती जास्त वळली तर गळ्याच्या शिरा दबून रक्त आत तुंबतं. शिवाय मेंदूला रक्त पोचतं ते रक्तदाब आणि कवटीतला दाब यांच्या फरकावर. म्हणून दाब धोक्याच्या पातळीवर गेला की शरीर स्वतःच रक्तदाब वाढवतं आणि नाडी मंदावते. हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे दाखवून दिलं. अशा वेळी वाढलेला रक्तदाब घाईने औषधाने उतरवणं म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठाच तोडणं.

मग कवटीला छिद्र पडतं आणि नळी पोकळीत शिरते. दाब बराच असेल तर द्रवाची चिळकांडी उडते. सर्जन ती लगेच अडवतो आणि थोडा थोडा द्रवच येऊ देतो. एकदम मोकळं केलं तर रक्तदाब कोसळू शकतो. मेंदू आक्रसला तर त्याच्या पृष्ठभागावरून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून फाटतात आणि रक्त साठतं. पुढे नळी कातडीखालून मान आणि छातीवरून पोटापर्यंत ओढून नेतात. हा टप्पा सर्वांत वेदनेचा, त्यामुळे भूल इथे गहिरी करतात. खालचं टोक पोटात सोडण्याआधी त्यातून थेंब पडताहेत का, ते डोळ्यांनी पाहून घेतात.

यापुढचा दाब नळीतल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे झडपेच्या, हाती. १९४९ मध्ये फिलाडेल्फियात नल्सन आणि स्पिट्झ या सर्जननी एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह वापरला. त्याच शहरात जॉन होल्टर या कुलपांच्या कारखान्यातल्या तंत्रज्ञाने, आपल्या मुलाला जलशीर्ष असल्याचं कळल्यावर, तेव्हा नव्या असलेल्या सिलिकॉनला चिरा देऊन व्हॉल्व्ह बनवला. १९५६ पासून तो रुग्णांना बसू लागला. लेखक रोआल्ड डाल यांचा मुलगा थिओ १९६० मध्ये न्यूयॉर्कला टॅक्सीच्या धडकेत जखमी झाला आणि त्याला जलशीर्ष झालं. त्याच्या शंटची नळी पुन्हा पुन्हा तुंबू लागली, तेव्हा डाल, अभियंता स्टॅन्ली वेड आणि सर्जन केनेथ टिल यांनी स्वस्त व्हॉल्व्ह तयार केला. तोवर थिओला त्याची गरज उरली नव्हती. तो कामी आला इतर मुलांच्या.

मधल्या दाबाचा व्हॉल्व्ह पाण्याच्या साधारण १० सेंटिमीटर दाबाला उघडतो. झोपलेल्या माणसात हे जमून जातं. तो उभा राहिला की मात्र डोक्यापासून पोटापर्यंत अर्ध्या मीटरचा द्रवस्तंभ लोंबतो आणि पिंपातून नळीने रॉकेल काढावं तसा आतला द्रव ओढू लागतो. ही ओढ रोखणारी जोड १९७० च्या दशकात आली. पुढे बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारे व्हॉल्व्हही आले.

महाग तेच चांगलं, असं मात्र नाही. उत्तर प्रदेशात बनणारा छाब्रा शंट २००५ च्या आसपास ३५ डॉलरच्या घरात होता. युगांडातल्या म्बाले इथे सर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी त्याची तुलना ६५० डॉलरच्या शंटशी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभरानंतर दोन्हींच्या निकालांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

कोणताही शंट तुंबू शकतो, आणि मुलांमध्ये हे पहिल्याच वर्षी वारंवार घडतं. घरच्यांनी म्हणूनच डोकेदुखीची वेळ पाहावी. रात्रभर आडवं राहून सकाळी ती वाढते, उलट्या आणि गुंगी येते, तर दाब चढला असण्याची शक्यता मोठी. उभं राहिल्यावर दुखतं आणि पडल्यावर थांबतं, तर द्रव जास्त वाहत असावा. ताप आला तर संसर्गाची शंका घ्यायची. चुंबकीय व्हॉल्व्ह असेल तर एमआरआयनंतर त्याचा दाब तपासून घ्यायचा. शस्त्रक्रियेची तारीख, व्हॉल्व्हचं नाव आणि ठरवलेला दाब एका कागदावर लिहून सोबत ठेवावा. अपरात्री अनोळखी रुग्णालयात जावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांचा बराच वेळ त्याने वाचतो.