समोरासमोरचा बचाव : हँडबॉलमधील काही रूढ गैरसमज

चेंडू घेऊन अंगावर येणाऱ्या एकट्या आक्रमकाला एकट्याने थोपविण्याची जी कला हँडबॉलमध्ये बचावाचा पाया मानली जाते, तिच्याविषयी आपल्या शालेय मैदानांवर रूढ असलेले समज बहुतांशी इतर खेळांतून उसने आणलेले आहेत. बास्केटबॉल खेळलेला मुलगा प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श हाच अपराध समजून अंग चोरतो. कबड्डीत मुरलेला मुलगा थेट कमरेला मिठी घालतो.

नियमांचा मजकूर या दोघांनाही चूक ठरवितो. नियमावलीतील आठवे कलम बचावपटूला कोपरात वाकविलेल्या हातांनी प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला स्पर्श करण्याची आणि तो स्पर्श राखून त्याच्याबरोबर सरकण्याची स्पष्ट मुभा देते. जागेसाठी चाललेल्या झगड्यात धडाने वाट अडविण्यासही हरकत नाही. मज्जाव आहे तो धरून ठेवण्यास, ओढण्यास, ढकलण्यास व हातापायांनी वाट अडविण्यास. चेंडू उघड्या तळव्याने काढून घेता येतो, परंतु हिसकावता किंवा फटका मारून पाडता येत नाही. म्हणून चेंडूवर झडप घालण्याचा सराव ज्या संघात पहिल्या दिवसापासून चालतो, तेथे वस्तुतः नियमभंगाचेच शिक्षण दिले जाते, असे मला कळकळीने म्हणावेसे वाटते.

पंचाची शिट्टी वाजली म्हणजे बचाव फसला, हा दुसरा समज. हँडबॉलमध्ये संघाच्या फाउलांची बेरीज ठेवली जात नाही. गोलपासून सहा आणि नऊ मीटरवर आखलेल्या रेषांमध्ये साधा फाउल झाल्यास फ्री थ्रो नऊ मीटरच्या तुटक रेषेबाहेरून घ्यावा लागतो, म्हणजे सात मीटरपर्यंत घुसलेला आक्रमक पुन्हा मागे जातो आणि विस्कळीत बचावाला जागेवर येण्यास अवधी मिळतो. समोरून, चेंडू हातात येण्याच्या क्षणीच घेतलेला संपर्क हा म्हणूनच उत्तम बचाव होय.

हे साधते ते पायांनी, आणि नेमका हाच भाग सरावात सर्वाधिक उपेक्षिला जातो. सहा व नऊ मीटरच्या रेषांमध्ये शंकू मांडून सुमारे 3 मीटर रुंदीचा पट्टा आखावा, बचावपटूच्या दोन्ही मुठींत रुमाल देऊन त्याला पकडण्याची सोयच ठेवू नये, आणि चेंडूविना आक्रमकाने डावी-उजवी हूल देत पट्टा पार करण्याचा यत्न करावा. बचावपटूने पायांची कैची न होऊ देता, आखूड व जलद पावलांनी छाती सतत त्याच्या समोर राखावी. दहा-पंधरा सेकंदांत मांड्या भरून येतात, म्हणून फेऱ्या लहान आणि विश्रांती पुरेशी असावी. पुढे चेंडू द्यावा, रुमाल काढावेत आणि त्रिकोणी हालचाल जोडावी : सहाच्या रेषेवरून पुढे झेप, संपर्क, मग तिरपे मागे येऊन शेजाऱ्याची फट बुजविणे. सहाच्या रेषेवर हात उंचावून उभे राहण्यात सुरक्षितता मानणाऱ्याला ही पहिली झेपच अवघड जाते. वास्तविक लांबून जोरदार फेकणाऱ्या खेळाडूला अशाने मोकळे रानच मिळते.

नजर चेंडूवर नको, चेहऱ्यावर तर नकोच. ती कमरेवर असावी, कारण हूल हातांनी व डोक्याने दिली जाते आणि कंबर सहसा खोटे बोलत नाही. उभे राहणेही नाकासमोर नव्हे, तर आक्रमकाच्या फेकीच्या हाताकडे किंचित सरकून : उजव्या हाताने फेकणारा असेल, तर बचावपटूचा डावा हात त्या फेकीच्या हातापाशी व उजवा त्याच्या कमरेपाशी.

धिप्पाड देहाविना हे शक्य नाही, ही समजूत फार काळ रेंगाळण्याच्या लायकीची नाही. आक्रमकाला चेंडू हाती असताना तीनच पावले मिळतात, आणि ती कोणत्या दिशेने पडतील हे ठरविणारा बचावपटू अंगाने बेताचा असला तरी चालतो.

खरी कसोटी लागते ती आक्रमक निसटल्यानंतर. त्या क्षणी मागून खेचणे किंवा बाजूने फेकीच्या हातावर मारणे हा हमखास घडणारा प्रमाद असून त्याची किंमत बहुधा 2 मिनिटांची हकालपट्टी, आणि धावत्या वा उडी घेतलेल्या खेळाडूचा तोल जाऊन त्याच्या जिवाला अपाय संभवत असेल, तर थेट लाल कार्ड अशी असते. 2 मिनिटांची शिक्षा तिसऱ्यांदा झाली, तरी परिणाम तोच. तेव्हा प्रत्येक सराव-सत्रात काही फेऱ्या अशाही असाव्यात, की प्रशिक्षकाच्या इशाऱ्यावर बचावपटूने जाणीवपूर्वक हात काढून घ्यावेत, शेजाऱ्याला मोठ्याने हाक द्यावी आणि स्वतः सहाच्या रेषेकडे धावून त्याची रिकामी झालेली जागा सांभाळावी.