नळ स्वतः कधी दुरुस्त करावा, प्लंबर कधी बोलवावा?

माझ्या मते, काम सोपं की अवघड यावर हे ठरवू नये. दोन गोष्टी बघा: बिघाड डोळ्यांना दिसतोय का, आणि त्याच्या मागचं पाणी तुम्हाला बंद करता येतं का? बेसिनखालचा अँगल कॉक फिरवून पाणी थांबत असेल, तर नळाचं वायसर बदलणं किंवा जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळणं कुणालाही जमेल. पण भिंतीतल्या पाइपला हात लावू नका. टाकी गच्चीवर असते आणि दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब वाढतो. म्हणजे दहा मजली इमारतीत खालच्या घरात जवळपास तीन बार! तिथे कच्चा जोड टिकत नाही. शिवाय भिंतीवरची ओल जिथे दिसते तिथेच गळती असते असं नाही, पाणी वाट काढत कुठेही उगवतं. चुकीच्या जागी लादी फोडली की खर्च दुप्पट.

'प्लंबर तर थोड्याशा कामाचेही भरमसाट पैसे घेतो,' हा आक्षेप खरा आहे. पण गळती खालच्या घराच्या छतात उतरली, तर हिशोबच बदलतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक यांमुळे होणारी अंतर्गत गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. आणि गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय म्हणून तो कधीही बुजवू नका, टाकी फुटू शकते. तिथे जाणकारच हवा.