टायरचं माप बदलण्याआधी

लातूर असो की नांदेड, टायरच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "भाऊ, याच्यापेक्षा एक साइज मोठा बसंल का?" रुंद टायरवर गाडी दमदार दिसते, खड्ड्यांसाठी जरा उंचीही हवी असते. पण रिमवर चढला म्हणजे टायर गाडीला जुळला, असं होत नाही. ते घरीच कसं तपासायचं, पाहू.

समजा, टायरवर १८५/६५ आर १५ लिहिलंय. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिलिमीटर. १५ हा रिमचा इंचातला व्यास, म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंत रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून ती दोनदा मिळवा. चाकाचा पूर्ण व्यास आला ६२१.५ मिलिमीटर. सांभाळायचा तो हा आकडा.

त्याच रिमवर २०५/६५ चढवला तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढ. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालंय हे त्याला कळत नाही. काटा ८० वर असताना गाडी ८३ च्या वेगानं पळत असते. पिकअप मंदावतो. पाच माणसं बसवून स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की टायर आत घासूही शकतो. याउलट १९५/६० आर १५ चा व्यास ६१५, फरक जेमतेम एक टक्का. फरक दोन टक्क्यांच्या आत राहिला तर बरं.

मोठी रिम हवी असेल तर १९५/५५ आर १६ घ्या : व्यास ६२०.९, मूळ मापाला जवळपास तंतोतंत. मात्र भिंत १२० वरून १०७ मिलिमीटरवर आली. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचा रस्ताही उखडतो. खड्ड्याचा दणका ही भिंतच सोसते. ती जितकी कमी, तितका टायरला फुगा येण्याचा आणि अलॉय वाकण्याचा धोका जास्त. शिवाय नव्या रिमची बोल्टची छिद्रं, मधलं भोक आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं, तेही जुळायला हवं.

मापापुढचं '८८ एच' वाचायला विसरू नका. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो वजन पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवा टायर या दोन्हींत मूळ टायरपेक्षा कमी नको. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो. वजन न पेलणारा किंवा कमी हवेचा टायर अशा रस्त्यावर तापून फुटू शकतो. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.

स्वस्तात मिळतोय म्हणून बर्फाचा टायर घेऊ नका. बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण ही त्याची खूण. त्याचं मऊ रबर साधारण ७ अंशांच्या खाली पकड धरतं. आपल्या उन्हात ते भराभर झिजतं आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांत परस्पर बदल करू देत नाही. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते, ते सर्वांत निर्धोक. दाराजवळचं स्टिकर आणि गाडीचं मॅन्युअल आधी पाहा.

टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करा. दुकानातून निघण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे घासत नाही ना, ते बघा. आपल्या रस्त्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे : रुंदी वाढवायचीच तर एकच पायरी वाढवा, रिम मूळचीच ठेवा, भिंत राखा. आणि स्टेपनीही त्याच व्यासाची ठेवा.